परसात बसणार कोण?

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरलं, की घराघरामागे पेव्हर ब्लॉकचे ढीग दिसतात. पैसे मुंबईहून आलेले असतात, काम पावसाच्या आत उरकायचं असतं आणि कंत्राटदाराचं पालुपद ठरलेलं : ‘मागचं सगळं ब्लॉक मारून टाकू. चिखलाची कटकट नको.’ मग एका कोपऱ्यात गझिबो येतो, त्यात लोखंडी खुर्च्या, पायाखाली प्लास्टिकचं हिरवं गवत. झालं कुटुंबासाठी ‘आउटडोअर सिटिंग’.

परसात निवांत बसण्याला माझी हरकत नाही. पण तिथे वर्षभर वावरतं कोण, हे आधी विचारा. चाकरमानी येणार मेमध्ये आणि गणपतीत. बाकीचे दिवस तिथे घरातली बाई असते, नाहीतर म्हातारी.

ती काय करते तेही बघा. रातांबे फोडायचे, बिया आणि गर एका भांड्यात, साली दुसऱ्या. गराला मीठ लावलं की रस सुटतो. त्या रसात साली बुडवायच्या, उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा बुडवायच्या. आमसूल काळं पडेपर्यंत हे चालतं. त्याला कडक ऊन हवं, धुता येईल अशी जमीन हवी आणि पाच पावलांवर सावली हवी. गझिबो नेमका त्या उन्हाच्या जागी उभा राहतो. फणस फोडायला, नारळ सोलायला, भांडी घासायला उरते मागची सांदरी. पुरुषमंडळी गझिबोत चहा पितात आणि बाई उकिडवी बसून मोरीवर कपबशा विसळते. या नूतनीकरणाला कुटुंबाचं कसं म्हणायचं?

म्हणून पहिला खर्च मोरीवर करावा. उभ्याने घासता येईल असा ओटा, वर छप्पर, शेजारी टेकायला कट्टा. कट्टा दीड फुटाच्या आसपास ठेवा. त्याहून खाली असला तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना दुसऱ्याचा हात लागतो. साबणाचं पाणी गाळाच्या खड्ड्यातून केळी-अळवाकडे सोडा. विहिरीपासून मात्र लांब.

छपरावर हात आखडू नका. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे जून ते सप्टेंबर उघडं परस बसण्याच्या कामाचं नाही. घराचंच छप्पर आठ-दहा फूट पुढे काढून कौलारू पडवी केली, तर पोरांना पावसातही झोपाळा मिळतो. पत्रा स्वस्त पडतो खरा, पण मेमध्ये त्याच्याखाली भट्टी आणि जुलैत ताशा.

आता ब्लॉक. वाळूवर बसवले तर सांध्यांतून थोडं पाणी मुरतं. पण आपल्याकडे बऱ्याचदा खाली काँक्रीट ओततात. मग सगळं पाणी एकदम वाहतं, ते उंबऱ्याकडे नाहीतर शेजाऱ्याच्या कुंपणाकडे. भांडणं लागतात ती तिथून. आंब्याच्या बुंध्याशी भराव टाकून जमीन समतल करणं तर निव्वळ अडाणीपणा. मुळांना हवा मिळत नाही आणि दोन-चार वर्षांत झाड वरून वाळायला लागतं. तोवर कंत्राटदार तिसऱ्या गावात.

वहिवाटीच्या वाटेपुरत्या जांभ्याच्या फरश्या पुरतात. त्यांवर शेवाळ धरतं. पावसाळ्यात घासावंच लागतं. बाकी माती राहू द्या. पूर्वी पाऊस सरला की खळं चोपून, शेणाने सारवून नवं करत. आज त्यासाठी हात नाहीत, हे कळतं मला. पण सगळं सारवायला कोण सांगतंय? पोरांना विटीदांडूची गल आणि गोट्यांची खळगी खणण्यापुरती माती तरी हवी. प्लास्टिकच्या गवतावर दुपारी अनवाणी उभं राहून बघा एकदा.

विहिरीला कठडा असेल, तरी वर लोखंडी जाळी हवीच. सरपणाची रास झोपाळ्यापासून दूर हलवा, तिच्यात जनावर शिरतं. आणि खुर्च्या नारळाखाली मांडू नका; सावली छान असते, पण झावळ आणि नारळ सांगून पडत नाहीत.

कंत्राटदाराशी बोलताना आधी पाण्याचा उतार ठरवा, मग मोरी, मग पडवी. पैसे उरले तर वाट. गझिबोचं नाव त्याने काढलंच, तर त्याला आमसुलं वाळवायची जागा दाखवायला सांगा. आणि हे बोलणं मुंबईहून फोनवर उरकू नका. म्हातारीला शेजारी बसवून करा.