थांबणं फुकट असलेली शर्यत

मुंबईत पळणाऱ्या माणसाचं वर्ष जानेवारीतच संपतं. तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन, मेडल दातात धरून काढलेला फोटो, ऑफिसातल्या डेस्कवर आठवडाभर लटकवलेलं ते मेडल, आणि मग थेट गणपतीनंतर "चला, पुन्हा सुरू करूया". मधले महिने बूट माळ्यावर. मार्चपासून उकाडा, जूनपासून पाऊस, कारणं तयारच असतात. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. ते ऐकून आमच्या सोसायटीतल्या काकांनी मला आधीच वेड्यात काढलंय, त्यामुळे तुम्ही काढलंत तरी हरकत नाही :) वाकोल्यासारख्या ठिकाणी आपापल्या गटाने शर्यती घ्यायच्याच असतील तर त्या उन्हाळ्यात घ्याव्यात. छोट्या, फुकट, आणि तीन तऱ्हांच्या : डोंगरावर, ट्रॅकवर, रस्त्यावर.

कल्पना माझी नाही. मँचेस्टरजवळ आठ महिने ऑनसाईट होतो तेव्हा क्लायंटकडचा एक जण मला एका बुधवारी ऑफिसातून थेट डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेला. उत्तर इंग्लंडात डोंगराला 'फेल' म्हणतात आणि त्यावर पळण्याला फेल रनिंग. (नाव ऐकून एटीकेटीवाल्यांची शर्यत वाटते, मान्य.) पबच्या मागे एक टेबल, त्यावर वही, दोन-तीन पौंड ठेवायचे, नंबराचा कागद पिनेने छातीला टोचायचा आणि डोंगरावर जाऊन परत यायचं. टी-शर्ट नाही, मेडल नाही, झुंबा नाही. तिकडचे क्लब उन्हाळाभर कामाच्या दिवशी संध्याकाळी अशा शर्यती घेतात, कारण जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. आपल्याकडे जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्या वेळी आपण कॉलवर असतो. म्हणजे आपल्याला पहाटच उरली.

आता, पहाट म्हणजे गारवा हा पुणेकरी समज आहे. वाकोल्याच्या शेजारीच सांताक्रूझची वेधशाळा. २६ जुलै २००५ चा तो ९४४ मिलिमीटर पाऊस तिथेच मोजला गेला. मे महिन्यात तिथलं किमान तापमानही २७ अंशांच्या आसपास रेंगाळतं, आणि पहाटे आर्द्रता दिवसातली सर्वांत जास्त असते. घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता टपटप गळतो. शरीराला याची सवय होते, दहा-चौदा दिवस रोज थोडं थोडं पळलं तर रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. पण तरी डिसेंबरातली वेळ मे महिन्यात येत नाही म्हणजे नाहीच.

मला उन्हाळ्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. पर्सनल बेस्ट येणारच नाही हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. मनगटावरचं ते महागडं घड्याळ तीन महिने निरुपयोगी. मग उरतं काय, तर पुढे पळणारा माणूस दिसतोय, त्याला गाठायचं. शर्यत म्हणजे खरं तर एवढंच ना?

पण काकांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही उमेदवार दगावले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसवर, भरतीचे १६०० मीटर पळून आलेला एक तरुण मुलगा गेला. लांबून गावाहून आलेली पोरं, कुठे फुटपाथवर काढलेली रात्र, पोटात धड काही नाही. त्यात उकाडाही आलाच, पण मला त्याहून मोठं कारण वेगळं वाटतं. या मुलांना थांबता येत नव्हतं. दोनशे मीटरनंतर डोळ्यांपुढे अंधारी आली तर तुम्ही-मी बाजूला होऊन चहा पिऊ. त्याच्यासाठी थांबणं म्हणजे एक वर्ष, वयाची मर्यादा, घरच्यांनी काढलेलं कर्ज.

आणि हाच नियम लावून बघितला तर आपल्या मोठ्या मॅरेथॉनही तितक्या निरागस नाहीत. हजारोंची फी भरलेली, सहा महिन्यांपासून ऑफिसभर सांगितलेलं, मेडल फिनिश लाईनच्या पलीकडेच मिळणार. अशा वेळी तिसाव्या किलोमीटरला छातीत कसंतरी झालं तरी माणूस स्वतःला म्हणतो, आलंच आता, पळ. उन्हाळ्यात असली शर्यत कुणी काढली तर मी स्वतः काकांच्या बाजूने उभा राहीन. उन्हाळ्यातल्या शर्यतीत थांबणं पूर्णपणे फुकट असलं पाहिजे. थांबलेल्याचं पैशाचं, अंतराचं, इज्जतीचं काहीही नुकसान होता कामा नये.

यंदाच्या मे महिन्यात आमच्या वीस-पंचवीस जणांच्या गटाने हे करून पाहिलं. तीन रविवार, तीन शर्यती. शून्य फी.

ट्रॅकचीच सगळ्यात मजा आली. वाकोल्याहून खरा सिंथेटिक ट्रॅक गाठायचा तर वर कांदिवलीचं साई नाहीतर खाली प्रियदर्शिनी पार्क. एवढ्या लांब पहाटे कोण जाणार? म्हणून जवळच्याच मैदानावर टेप लावून चुन्याने तीनशे मीटरची ओव्हल आखली. अंतर मुद्दाम १६०० मीटर ठेवलं, कारण त्याच मैदानावर पहाटे चारपासून भरतीची पोरं असतात. ती म्हणतात "ग्राउंड मारायला येतो". त्यांना बोलावलं. पाच जण आले, त्यातले दोघे अनवाणी. निकाल काय लागला ते सांगायला नको. आमच्यातला पहिला नंबर म्हणजे एकूणात सहावा! त्यातल्या एकाला मी विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, "दादा, मार्क नसताना पहिल्यांदाच पळालो." मी काय बोलणार?

डोंगर म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली गांधी टेकडी. मॉर्निंग वॉकचे पास काढायचे, चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. चढणीवर वेग आपोआप पडतो, चालत गेलेल्याला कुणी हसत नाही, आणि झाडांमुळे ऊन लागत नाही. पुण्याची मंडळी सिंहगडाला किती मिनिटांत चढलो हे एकमेकांना सांगत असतात, ती आपली देशी फेल रनिंगच की.

तीनही प्रकार कशाला, नुसता रस्ता पुरे नाही का, असं गटातल्या एकाने विचारलं होतं. त्याला मी दोन नावं सांगितली. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला नंबर काढला, मग ट्रॅकवर ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची फायनल पळून दहाव्या आल्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२० मध्ये दिल्लीत रस्त्यावर अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत काढली, आणि २०२४ मध्ये पॅरिसला स्टीपलचेस ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांत. दोघं दुष्काळी तालुक्यांतले, आणि त्यांच्या शर्यतीत सात वेळा पाण्यावरून उडी मारावी लागते! ते सोडा, आपण काही ऑलिंपिकला निघालेलो नाही. पण रस्त्याने आखडलेले पाय चढण आणि माती मोकळे करतात, हे गुडघे दुखणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याने पंधरा दिवस करून पाहावं.

रस्त्याची शर्यत बीकेसीत. रविवारी पहाटे साडेपाचला तिथे सिक्युरिटीवाले आणि कुत्री सोडून कुणी नसतं. एक किलोमीटरचा लूप, पाच फेऱ्या. लूप अशासाठी की दर फेरीला पाण्याच्या पिंपावरून जावंच लागतं, आणि थांबायचं तर बाईक तिथेच उभी. सात जण मध्येच थांबले. त्यांनीच मग बाकीच्यांसाठी लिंबू सरबत केलं, मीठ जरा जास्तच पडलं होतं.

पुढच्या मेसाठी एकच भानगड शिल्लक आहे, मैदान. आम्ही आखलेली ओव्हल सहाच्या ठोक्याला क्रिकेटवाल्यांच्या पिचमध्ये गडप होते. त्यांच्या कॅप्टनशी बोलणी चालू आहेत. त्याची अट अशी की त्याच्या टीमलाही १६०० मध्ये उतरवायचं, आणि नाश्ता आमच्याकडून.