चाचणी ऑक्टोबरच्या सोयाबीनवर घ्या

एकहाती कंत्राट कसं चालतं, हे मालेगाव तालुक्याने जवळून पाहिलं आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग १६ पॅकेजमध्ये, ईपीसी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक पॅकेजचा आराखडा, खरेदी आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे देऊन, बांधला गेला. वाशीम जिल्ह्यात तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. आता याच पट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि छोटे उद्योजक सोयाबीनच्या क्लीनिंग-ग्रेडिंग युनिटसाठीही ‘टर्नकी’ काम मागू लागले आहेत.

मागणी रास्त आहे. सिव्हिलवाला एक, मशिनरीवाला दुसरा आणि पॅनेल-केबलवाला तिसरा असला, की एलिव्हेटरच्या बेसफ्रेमची भोकं फाउंडेशन बोल्टवर बसत नाहीत, त्या दिवशी तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. ज्या कंपनीच्या संचालक मंडळात सगळे शेतकरीच आहेत आणि पगारी इंजिनिअर कोणी नाही, तिने हा तंटा सोडवायचा कसा? मात्र प्रत्येक कामाला टर्नकी लागत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल बसवायला चांगला मिस्त्री आणि इलेक्ट्रिशियन पुरतो.

जिथे टर्नकी हवंच, तिथे आधी जमीन पाहा. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं १९९९ चं ‘सिल्व्हर बुक’ हा ईपीसी-टर्नकी कामांचा जगभर वापरला जाणारा करारनमुना. त्याच्या प्रस्तावनेतच बजावलेलं आहे की निविदाकाराला पुरेशी माहिती आणि वेळ नसेल, किंवा त्याला तपासता येणार नाही असं जमिनीखालचं काम मोठं असेल, तर हा नमुना वापरू नये. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एलिव्हेटरचा पिट तिच्यातच खोदायचा असतो. माती परीक्षणाचा अहवाल निविदेसोबत दिला नाही, तर जाणता कंत्राटदार जोखमीचे पैसे दरात धरतो आणि अजाण कंत्राटदार पाया उथळ घेतो. काम बहुधा दुसऱ्यालाच मिळतं, कारण त्याचा दर कमी असतो.

खरी गफलत मात्र शेवटच्या टप्प्यावर होते. मार्चअखेरीच्या घाईत युनिट उभं राहतं आणि एप्रिल-मेमध्ये ट्रायल रन होते. तेव्हा गोदामातलं सोयाबीन खडखडीत वाळलेलं असतं. चाळण्या झरझर चालतात, ताशी क्षमता भरते, हस्तांतरणाच्या कागदावर सही होते आणि रिटेन्शनचे दिवस मोजायला सुरुवात होते. युनिट बांधलेलं असतं ते ऑक्टोबरसाठी. परतीच्या पावसात सापडलेला माल ओलसर येतो, सोबत शेंगांची टरफलं, काड्या आणि दाण्याएवढी मातीची ढेकळं आणतो. आकार सारखा असल्याने ढेकळं चाळणीवर वेगळी होत नाहीत. सगळा भार ग्रॅव्हिटी सेपरेटरवर येतो आणि ताशी क्षमता कोसळते. हमीभाव खरेदीची ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात केंद्राला ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. माल कसा येतो, हे त्यावरूनच कळावं.

म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं: परफॉर्मन्स टेस्ट दोनदा लिहा. पहिली कमिशनिंगच्या वेळी, दुसरी लगतच्या हंगामात, आवक झालेल्या मालावर. ओलावा किती टक्के, काडीकचरा किती, ताशी किती क्विंटल, वीज किती युनिट आणि बाहेर पडणाऱ्या मालात माती-खडा किती चालेल, हे आकडे करारातच हवेत. मोजमाप मालकाच्या काट्यावर आणि ओलावामापकावर, दोन्ही पक्षांसमोर. रिटेन्शनचा मोठा भाग दुसऱ्या चाचणीनंतरच सुटावा. मालकाकडून वीजजोड वेळेवर मिळाला नाही, तर त्या दिवसांची मुदतवाढ कंत्राटदाराला विनातक्रार मिळावी. तो त्याचा हक्क आहे.

आमचे बरेच वाचक कंत्राटदाराच्या बाजूने सही करतात. ही अट त्यांना जाचक वाटेल, पैसेही सहा महिने अडकतील. त्यांचं व्याज दरात उघडपणे धरा. पण ओल्या मालासाठी मोठा सेपरेटर आणि जास्तीची चाळणी देणाऱ्याचा दर आज निविदेत हरतो, तो या अटीमुळेच टिकेल. येत्या हंगामाच्या निविदा आता निघतील, त्यातच हे कलम घाला.