सातबारा नाही म्हणून जामीन नाही

राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी तालुक्यावर मोर्चा न्यायचं ठरलं, तेव्हापासून पाड्यापाड्यावर एकच प्रश्न ऐकू येतोय. ते कैदी म्हणजे शहरातले प्रोफेसर, वकील, लेखक. त्यांच्यासाठी आपण रोज कशाला बुडवायचा? आणि त्यांचं नाव घेतलं तर पोलीस आपल्याकडंही वाकड्या नजरेनं बघतील. साथींनो, प्रश्न खरा आहे आणि भीतीही खरी आहे. म्हणून आम्ही तरुण कार्यकर्ते याचं उत्तर लिहूनच देतोय.

आधी एक नाव घेऊ. पांडू नरोटे. गडचिरोलीचा आदिवासी तरुण. दिल्लीचे प्रोफेसर साईबाबा ज्या खटल्यात होते, त्याच खटल्यात हा पण होता. पेपरात फोटो प्रोफेसरांचा यायचा, पांडूचं नाव खाली कुठंतरी. 2013 मध्ये धरला, 2017 मध्ये जन्मठेप झाली, ऑगस्ट 2022 मध्ये नागपूरच्या तुरुंगात आजारी पडून मेला. त्यानंतर दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, 14 ऑक्टोबरला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षाच रद्द केली. सगळ्यांची, मेलेल्या पांडूचीही. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सुट्टीच्या दिवशी सुप्रीम कोर्ट बसलं आणि तो निकाल थांबवला. (आपल्या वनहक्क दाव्यांसाठी समितीला बसायला वर्षानुवर्षं वेळ मिळत नाही.) खटला परत हायकोर्टात चालला आणि 5 मार्च 2024 ला सगळे पुन्हा सुटले. साईबाबा व्हीलचेअरवर बाहेर आले आणि साधारण सात महिन्यांनी वारले.

मग हा खटला शहरवाल्यांचा की आपला?

शेजारच्या छत्तीसगडात बुरकापालला 2017 मध्ये हल्ला झाला, 25 जवान मेले. त्या केसमध्ये आजूबाजूच्या गावांतले आदिवासी उचलून आत टाकले. पाच वर्षांनी, जुलै 2022 मध्ये कोर्टानं 121 जणांना निर्दोष सोडलं, पुरावाच नव्हता. पाच वर्षांत किती आवण्या झाल्या, किती पोरं बाप न बघता मोठी झाली, ते कोण मोजणार? फादर स्टॅन स्वामी झारखंडात हेच मोजत होते. खटला न चालता तुरुंगात सडणाऱ्या आदिवासी पोरांसाठी ते हायकोर्टात गेले होते. 2020 मध्ये त्यांनाच अटक झाली. हात कापायचे, पेला धरता येत नव्हता, तर पाणी प्यायला नळी मिळावी म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला 84 व्या वर्षी कैदी म्हणूनच ते गेले.

पण आम्हाला सगळ्यात जास्त सांगायचंय ते जामिनाबद्दल, कारण तिथं आपल्या जमिनीची लढाई आणि तुरुंग एकच होतात. गेल्या पावसाळ्यात आपल्या एका साथीला प्लॉटच्या केसमध्ये जामीन मंजूर झाला. मंजूर झाला, पण तो सुटला नाही. कोर्टाला जामीनदार पाहिजे, जामीनदाराचा सातबारा पाहिजे. आम्ही चार गावं फिरलो. जो भेटेल तो म्हणे, मी उभा राहतो, पण कागद कुठंय? बापजाद्यांपासून कसतोय ती जमीन जंगल खात्याच्या नावावर. शेवटी बाजारातल्या एका दुकानदाराच्या हातापाया पडून काम झालं, तोवर आवणी सरली होती. जमीन कसली म्हणून केस झाली, आणि तीच जमीन नावावर नाही म्हणून माणूस आत राहिला. हा खेळ नीट समजून घ्या.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडं कोर्टानं 10 हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली. सुप्रीम कोर्टानं ते चूक ठरवलं, हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडा म्हणून सांगितलं. 31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टानं आणखी सांगितलं की जामीन होऊनही कैदी सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं स्वतःहून अट सैल करता येते का ते बघायचं. हे आपल्याला कोणी सांगत नाही. वकिलाला विचारलं तर तोही म्हणतो, बघू.

1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात आधी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदतीनंतर सोडायचं आहे. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना ते नाही. आणि खोच अशी की एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही. आता सांगा, आपल्या कुठल्या कार्यकर्त्यावर एकच केस आहे? यूएपीए लागला तर त्याहून वाईट, पोलिसांचे कागद वरवर खरे वाटले तरी जामीन नाकारतात.

कोणी म्हणेल, दारू पिऊन डोकं फोडलं तोही आत आहे, त्यालाही राजकीय म्हणायचं का? नाही म्हणायचं. हक्क मागितला म्हणून ज्याला आत टाकलं, तो राजकीय. मग तो प्रोफेसर असो की प्लॉटधारक. बंदुकीच्या बाजूनं आपण कधी बोललो नाही, आताही बोलत नाही. खटला चालवा, पुरावा द्या, नाहीतर सोडा, एवढंच म्हणणं. देशाच्या तुरुंगांत दर चार कैद्यांत तिघांचा निकाल लागलेला नाही. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंनी 26 नोव्हेंबर 2022 ला मोठमोठ्या न्यायाधीशांसमोर तुरुंगातल्या गरिबांचीच गोष्ट काढली. त्यांना वाकड्या नजरेनं कोण बघणार?

तेव्हा मोर्चाला या, पण हात हलवत येऊ नका. प्रत्येक पाड्यानं कागद करून आणा. आपला कोण आत आहे, कलम कुठलं, कधीपासून, पुढची तारीख कधी, वकील आहे की नाही, जामीन होऊन अडकलाय का. बायांना विचारा, तारखा त्यांनाच पाठ असतात. हीच यादी आपण विधी सेवा प्राधिकरणाला देऊ, पोच घेऊ. आणि ज्याचा माणूस आत आहे, त्याच्या शेतावर यंदा सावडीनं आवणी करायची. कुठल्या पाड्यानं कुठलं शेत घ्यायचं, ते सोमवारच्या बाजारात ठरवू.