लघवीचा फेस काय सांगतो?

तोंडावर सूज आली, पाय सुजून वहाण चढेनाशी झाली, की माणूस मूत्रपिंडाच्या तपासणीला निघतो. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. रक्तातले क्रिएटिनिन मोजतात खरे; पण मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी ताकद जाईपर्यंत तो आकडा पुष्कळदा बरा दिसतो. त्याच्या कितीतरी आधी लघवी खूण देते.

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून अस्तर असते, अवघ्या एका पेशीच्या जाडीचे. पाटाचे अस्तर निखळले की पाणी बांधाबाहेर झिरपते, तसेच इथेही होते. मात्र हे अस्तर सिमेंटसारखे निर्जीव नव्हे. ते रक्त गोठू देत नाही, आणि नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करून वाहिनी सैल ठेवते. या वायूच्या शरीरातल्या कार्याच्या शोधासाठी १९९८ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाढलेला रक्तदाब, रक्तातली साखर आणि तंबाखू यांनी हे अस्तर खराब होते. मशेरीही तंबाखूच, हे आयाबहिणींनी विसरू नये.

एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक चाळण्या असतात. प्रत्येक चाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकीचे परत रक्तात घेतात. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन सहसा चाळणीतून सुटत नाही. अस्तर बिघडले की ते लघवीत उतरू लागते. गळती वाढली म्हणजे लघवीवर फेस येतो आणि तो लवकर विरत नाही.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली हे मांडले. चमच्यात लघवी घेऊन ती मेणबत्तीवर तापवली, की अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठे. अशा रोग्यांचे हृदयही मोठे झालेले असते, हे पुढे त्यांच्याच नजरेस आले. इथेच खरी मेख आहे. अस्तर साऱ्या अंगभर एकच. मूत्रपिंडात ते गळू लागले, तर हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांतही ते धड नसण्याचा संभव मोठा. म्हणूनच मूत्रपिंडाचे पुष्कळ रोगी मूत्रपिंड पुरते निकामी होण्याआधीच हृदयविकाराने जातात.

अस्तराला इजा झाल्याच्या खुणा रक्तातही सापडतात. फॉन विलेब्रांड घटक हे प्रथिन अस्तराच्या पेशींत साठवलेले असते. पेशी दुखावल्या की रक्तात त्याचे प्रमाण वाढते. पण अशा तपासण्या मुख्यतः संशोधनाच्या कामाच्या. कोणी त्यांसाठी मोठे बिल करू लागला, तर आधी लघवीतले अल्ब्युमिन पाहिले का, हे विचारावे.

आपल्याकडे सून गरोदर असली की दर खेपेला तिची लघवी तपासतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या सासऱ्याची मात्र वर्षानुवर्षे कोणी तपासत नाही! अशा माणसाने वर्षातून एकदा तरी लघवीतले अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे प्रमाण काढून घ्यावे. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावे. ३०० च्या वर म्हणजे गळती बरीच. साध्या पट्टीला थोडी गळती कळत नाही.

एका तपासणीवरून घाबरू नये. ताप, लघवीचा जंतुदोष, आदल्या दिवशीची अतिकष्टाची कामे यांनीही प्रमाण वाढते. बाईने पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नये. तीन महिन्यांनीही प्रमाण चढेच राहिले, तर तो जुनाट विकार समजावा. गळती कमी करणारी रक्तदाबाची औषधे आहेत. डॉक्टरांनी दिली तर ती बरे वाटते म्हणून मध्येच सोडू नयेत. दिवसाचे मीठ एका चहाच्या चमच्याच्या आत ठेवावे, आणि त्यात लोणचे, पापड, ठेचाही धरावा. प्रथिने जातात म्हणून आपल्या मनाने डाळ-अंडी वाढवू नयेत. त्याने चाळणीवरचा भार वाढतो. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून रोज घेणे तर अशा माणसाने कटाक्षाने टाळावे.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा, स्वच्छ बाटलीतून न्यावा, आणि चिठ्ठी जपून ठेवावी. पुढच्या वर्षीचा आकडा तिच्याशीच ताडून पाहायचा असतो.