यंत्र बसले, चिपचे काय?



ग्रामीण रुग्णालयात क्षयाच्या तपासणीचे नवे यंत्र बसले, की फीत कापल्याचे छायाचित्र छापून येते. सहा महिन्यांनी त्या यंत्रावर रोज किती नमुने लागतात, याची बातमी मात्र माझ्या वाचनात कधी आलेली नाही.

यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसायचे तर एक मिलिलिटर थुंकीत ते पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. लहान मुले, एचआयव्हीबाधित यांच्या थुंकीत बऱ्याचदा तेवढे नसतात आणि ‘स्लाइड निगेटिव्ह’ म्हणून ही माणसे घरी जातात. शिवाय रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध लागू पडेल की नाही, हे स्लाइडवरून मुळीच कळत नाही. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या दोन्ही यंत्रचाचण्यांत ते कळते. त्यातही सीबीनॅटला अखंड वीज आणि थंड खोली हवी. गोव्यातल्या कंपनीचे ट्रूनॅट बॅटरीवर चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. अक्कलकुवा किंवा भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यांना याहून सोयीचे काय हवे?

पण तासाभरात जंतू शोधणाऱ्या यंत्रापर्यंत नमुना पोचायलाच चार दिवस लागत असतील, तर तो वेग फक्त माहितीपत्रकात राहतो. यंत्राची खरेदी एकदाच होते. ट्रूनॅटची चिप मात्र प्रत्येक चाचणीला नवी लागते. चिप संपल्या की ‘तूर्त स्लाइडवर भागवा’ असा निरोप येतो आणि तो ‘तूर्त’ लांबत जातो. कंत्राटी टेक्निशियनची मुदत संपली, तर यंत्रावर आच्छादन चढते. आणखी एक साधी गोष्ट: खोल खोकून बेडका कसा काढायचा, हे रुग्णाला कोणी नीट सांगत नाही. डबीत नुसती लाळ आली, तर महागडे यंत्र तरी काय शोधणार?

आता स्लाइडचा जमाना संपला, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. सीबीनॅट-ट्रूनॅट या चाचण्या मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतात. त्यामुळे औषध सुरू झाल्यावर ते लागू पडते आहे का, हे पाहायला स्लाइड किंवा कल्चरच (जंतू वाढवून पाहणे) लागते. निदानाला आधी ट्रूनॅट आणि पाठपुराव्याला सूक्ष्मदर्शक, अशी ही वाटणी आहे. म्हणून टेक्निशियनला दोन्ही कामे यायला हवीत आणि प्रशिक्षणाचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरायला हवा.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक यंत्राचा महिन्याचा हिशेब जिल्हा क्षयरोग केंद्राने जाहीर करावा: किती नमुने लागले, यंत्र किती दिवस बंद होते, चिप किती उरल्या, आणि नमुना दिल्यापासून औषध सुरू होईपर्यंत किती दिवस गेले. तपासणी आणि उपचार सुरू झाल्याच्या तारखा क्षयरुग्णांच्या नोंदीच्या नि-क्षय पोर्टलवर भरल्या जातातच. वृत्तपत्रांच्या जिल्हा वार्ताहरांनी त्या मागून तरी पाहाव्यात.

— एक पॅथॉलॉजिस्ट, सांगली