पाठीमागून काढलेला फोटो

खारघरहून एका भगिनींचे पत्र आले आहे. दिवाळीसाठी मुलीचे कपडे शिवायला टाकले, तेव्हा माप घेता घेता शिंपी म्हणाला, “ताई, हिचा एक खांदा जरा वर आहे, आणि कमरही एका अंगाला जास्त आत गेली आहे.” मुलगी तेरा वर्षांची. तेव्हापासून बाईंनी दर रविवारी तिला उभे करून पाठीचे फोटो काढण्याचा सपाटा लावला आहे. एका रविवारी पाठ वाकडी दिसते, पुढच्या रविवारी सरळ! यातले खरे कोणते, असे त्या विचारतात. फोटोच्या वेळी मुलगी रडते, हे पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे. माझ्या मते पत्रातली मुख्य ओळ तीच.

कणा बाजूला वळतो आणि वळता वळता स्वतःभोवती पिळलाही जातो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. बाक दहा अंश किंवा त्याहून जास्त असेल, तरच डॉक्टर त्याला हे नाव देतात. वाढत्या वयात शंभरात दोन-तीन मुलांत तो आढळतो, आणि मोठा बाक मुलींत अधिक. बहुतेकांत कारण सापडतच नाही. दप्तराचे ओझे नाही, पोक काढून बसणे नाही आणि आईचे दुर्लक्ष तर मुळीच नाही.

क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. त्यापूर्वी डॉक्टरांनाही फोटोचाच आधार होता. न्यूयॉर्कच्या लुईस सेअर यांनी १८७७ च्या आपल्या ग्रंथात रुग्णांचे फोटोच छापले होते. पुढे १९४८ साली जॉन कॉब यांनी क्ष-किरण फोटोवर बाक अंशांत मोजण्याची रीत घालून दिली. ती आजही चालते. मग साधा फोटो मागे पडला का? नाही. क्ष-किरण हाडे दाखवतो. खांदा किती चढला, कंबर किती कलली, अंगावर झंपर कसा बसेल, हे तो सांगत नाही. मुलीला तर त्याचेच दुःख असते. म्हणून १९९९ साली जपानी डॉक्टरांनी पाठीमागून काढलेल्या एका फोटोवरून ‘पोट्सी’ नावाचा आकडा काढण्याची पद्धत सुचवली. मान, खांदे, काखा आणि कंबर यांची मधल्या रेषेपासूनची अंतरे व उंचीतले फरक मोजायचे. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील तर शून्य. दहाच्या आत सर्वसाधारण. तंतोतंत शून्याचा माणूस मिळणे कठीणच!

आता रविवारच्या फोटोंविषयी. मोबाईल हातात धरला की तो कलतो, आणि तो कलला की खांदाही कलतो. म्हणून मोबाईल स्टुलावर पुस्तके रचून मुलीच्या पाठीच्या मध्याइतक्या उंचीवर ठेवा, आठ-दहा फूट दूर. खारघरच्या ब्लॉकमध्ये एवढी जागा दिवाणखान्यातच मिळेल. डोंगराकडची खिडकी मुलीच्या पाठीशी, म्हणजे मोबाईलच्या बाजूला राहू द्या. लादीच्या रेघेवर टाचा ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या खेपेस जागा तीच राहील. सुतळीला जड किल्ली बांधून पडद्याच्या दांडीला लोंबती सोडा. गवंड्याचा ओळंबा तो हाच. केस वर बांधलेले, पाय अनवाणी, हात सैल. आणि स्टुडिओवाल्यासारखे “खांदे सरळ!” म्हणू नका. खांदे जसे आहेत तसेच हवे आहेत.

दुसरा फोटो याहून मोलाचा. पाय जुळवून, गुडघे न वाकवता, तळहात जोडून मुलीने कमरेतून पुढे वाकायचे. कणा पिळलेला असेल तर एका बाजूच्या बरगड्या उंचवटा करून वर येतात. लंडनचे विल्यम अ‍ॅडम्स यांच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते.

आठवड्याआठवड्यात दिसणारा फरक बहुधा उभे राहण्यातला असतो, कण्यातला नव्हे. तीन महिन्यांनी एकदा पुरे. पण फोटोने अंश कळत नाहीत, हे ध्यानात ठेवा. बाक इंग्रजी ‘एस’सारखा दुहेरी असला, तर वरचा आणि खालचा एकमेकांना सावरून घेतात आणि फोटोत पाठ चांगली दिसते. तेव्हा फोटो सरळ आला म्हणून थांबू नका. अस्थिरोगतज्ज्ञांकडे याच महिन्यात जा. वाढ चालू आहे तोवरच पट्ट्याचा उपयोग, आणि तोही साधारण पंचवीस ते चाळीस अंशांच्या बाकाला. अमेरिका व कॅनडातला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत पन्नास अंशांच्या आत राहिला. नुसती देखरेख होती त्यांत ४८ टक्के. लग्नाच्या वेळी बोभाटा होईल म्हणून वर्ष-दोन वर्षे गप्प बसणारी घरे आहेत. ती वर्षे मागून मिळत नाहीत.

राहता राहिले रडणे. पाठ तिची आहे. फोटो कशासाठी काढायचा ते तिला सांगा. मागून उघडा झंपर किंवा पोहण्याचा पोशाख चालतो. मोबाईलला टायमर असतो, तो तिलाच लावू द्या. फोटो आधी तिने पाहावा, मग तुम्ही. मामा-मावश्यांच्या ग्रुपवर तो जाता कामा नये, “बघा बरं, तुम्हाला वाकडं वाटतं का?” असे विचारायला तर नाहीच. डॉक्टरांकडे जाताना पहिला आणि शेवटचा असे दोनच फोटो न्या, मागे तारीख घालून, एकाच आकारात छापलेले.