आई-बाबांचं वजन घटलं, पण चालणं सुधारलं का?

मार्च २०२५मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन घटवणारी इंजेक्शनं भारतात आली. त्यामुळे ‘आईचे गुडघे दुखतात, तिला हे इंजेक्शन चालेल का?’ हा प्रश्न आता आपल्याही घरात येऊ शकतो. उत्तर फक्त वजनकाट्यावर मिळणार नाही.

वजनाचा गुडघ्यांशी काय संबंध?

२००५ साली अमेरिकेत वजन जास्त असलेल्या आणि गुडघ्यांची झीज झालेल्या साठीपुढच्या लोकांचा अभ्यास झाला. वजन १ किलोने घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे ५ किलो घटले तर पावलागणिक २० किलोंचा भार हलका!

वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडचीही गुडघेदुखीच्या रुग्णांवर चाचणी झाली. ६८ आठवड्यांत वजन सरासरी १३.७ टक्के घटलं आणि दुखणंही कमी झालं. पण या रुग्णांचं सरासरी वय ५६ होतं, ७५ नव्हे.

मग अडचण कुठे आहे?

वजन घटतं तेव्हा चरबीसोबत स्नायूही जातात. वयामुळे ते आधीच कमी होत असतात. जिना चढायला, तोल सावरायला ताकद लागते ती स्नायूंचीच.

२०११च्या एका अमेरिकी अभ्यासात ६५च्या पुढच्या १०७ लठ्ठ व्यक्तींचे गट केले होते. वर्षभरानंतर शारीरिक क्षमतेच्या चाचणीतली सुधारणा अशी होती:

• फक्त डाएट: १२ टक्के
• फक्त व्यायाम: १५ टक्के
• दोन्ही: २१ टक्के

फक्त डाएट करणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं वजनही ५ टक्के घटलं. सोबत व्यायाम करणाऱ्यांचं ३ टक्केच घटलं.

घरी काय बघायचं?

भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीशी घडी घालून, पाच वेळा उठायचं-बसायचं. शेजारी कुणीतरी उभं राहा. १२ किंवा जास्त सेकंद लागले, तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषांनुसार स्नायू कमजोर झाल्याची शक्यता असते. तेव्हा डॉक्टरांना ‘वजन किती घटवायचं?’ एवढंच विचारू नका. स्नायू टिकवायला कोणता व्यायाम आणि किती प्रथिनं हवीत, हेही विचारा. वजन आधीच कमी असलेल्या आजी-आजोबांसाठीही हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.